इस्त्री वगैरे

"ते टेबल जरा बाजूला घेता येईल का? फोटोत मध्येच येतंय," मासिकाची बाई म्हणाली.

टेबलामागे वहिनी उभी होती. हातात इस्त्री, इस्त्रीखाली गोधडीतल्या चांदणीचा अर्धा शिवलेला तुकडा. बाईचं बोट टेबलाकडे होतं खरं, पण टेबल आत गेलं की वहिनीही आत जाणार, हे खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं.

"घे गं वहिनी जरा आत," अक्का म्हणाल्या. "तेवढ्यापुरतं."

एका बाजूने चिमाने टेबल धरलं, दुसऱ्या बाजूने वहिनीने. मधल्या पडद्यामागे, जिथे कापसाचे गठ्ठे आणि अस्तराचे तागे रचलेले असत, तिथे ते कसंबसं मावलं. चिमा परत बाहेर गेली, कारण तिला फोटोत बसायचं होतं. वहिनी आतच राहिली, कारण तिला कुणी बाहेर ये म्हणालं नाही. वायर तिथवर पोचत नव्हती. हातातली इस्त्री हळूहळू निवत गेली.

पडद्यातून सगळं ऐकू येत होतं.

"म्हणजे गोधडीचं कापणं तुमचं?"

"कापणं आणि रंग जुळवणं माझं. शिवणं हिचं. पहिल्यापासून असंच चाललंय."

"आणि त्या आत गेल्या त्या?"

"ती आमची वहिनी. इस्त्री वगैरे बघते."

वगैरे! वहिनीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. नुसतं 'इस्त्री बघते' म्हणाल्या असत्या तरी चाललं असतं. वगैरे म्हणजे काय? केर काढणं? पाणी भरणं? आल्यागेल्याला चहा देणं? आता हे सगळंही ती करत होतीच म्हणा, आणि तेच जास्त झोंबलं. बाहेर ती बाई हसून म्हणाली, "बरोबर, घरातली मदत लागतेच." मग कॅमेऱ्याची टकटक सुरू झाली.

अक्का तिच्या नवऱ्याची थोरली बहीण आणि चिमा धाकटी. दोघींनी लग्नं केली नाहीत. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत त्या राहत आणि पुढच्या खोलीत गोधड्या करत. वहिनीचं बिऱ्हाड त्यांच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर. ती लग्न होऊन आली तेव्हा दोघी नणंदांनी तिला कामात घ्यायचं ठरवलं. आधी तिच्या हातात कापड कापायची गोल पात्याची सुरी दिली, तर तिने चांगल्या कापडाचं वाटोळं केलं. मग मशीनवर बसवलं. तिची टीप सरळ निघायची आणि वाटेत कुठेतरी पाहुणचाराला जाऊन यायची. शेवटी अक्का म्हणाल्या, "तू आपली इस्त्री धर बाई." तेव्हापासून धरली ती धरली. सगळा जिना, समोरचा दुकानदार, इतकंच काय, वयाने आणि नात्याने मोठ्या असलेल्या अक्कासुद्धा तिला वहिनीच म्हणत.

आता इस्त्री म्हटली की लोकांना शर्ट आठवतो. शर्ट घासला की झालं. गोधडीच्या तुकड्याला घासलं की तो कामातून गेला. आधी शिवण जशी आहे तशी दाबायची, म्हणजे दोरा कापडात बसतो. मग तुकडा उलगडून शिवण गडद रंगाच्या बाजूला पाडायची. इस्त्री फिरवायची नाही. ठेवायची, दाबायची, उचलायची. त्यातून तुकडा उरेब, म्हणजे तिरपा कापलेला असला तर तो लाडावलेल्या पोरासारखा. जरा सैल सोडला की अंगाबाहेर गेलाच. म्हणून वहिनीची इस्त्री कोरडी. पाण्याचा थेंब नाही, वाफ नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. अक्कांची बोलणी खात आणि चिमाचे उसासे ऐकत ती शिकली होती.

अलीकडे त्या कामात आणखी एक काम शिरलं होतं, आणि ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. अक्कांच्या हातचे तुकडे आता सारखे येत नव्हते. आधी वहिनीला वाटलं, आपलीच इस्त्री बिघडली. मग एके दिवशी तिने इस्त्री लागायच्या आधीचे दोन तुकडे एकावर एक ठेवून पाहिले. एकाची कड दुसऱ्याच्या बाहेर डोकावत होती. अक्कांची नजर उतरली होती. पट्टी जागच्या जागी राहायची नाही आणि सुरीचं गोल पातं तिच्यापासून भरकटायचं. अक्कांना ते दिसत नव्हतं; दिसत नव्हतं म्हणूनच तर ते होत होतं.

तेव्हापासून प्रत्येक आखूड कड ती इस्त्रीखाली बोटाने ओढ देऊन केसभर वाढवायची. लांब कडेची शिवण किंचित जास्त आत पाडायची. चिमाकडे तुकडा जायचा तो चौकोनी होऊनच. चिमा म्हणायची, "अक्काचा हात अजून कसा आहे बघ!" आणि वहिनी म्हणायची, "हो ना." सांगून टाकावं असं तिला कधी वाटलं नाही असं नाही. पण अक्कांच्या आयुष्यात त्या सुरीखेरीज दुसरं काही नव्हतं. ती काढून घेतली तर त्या दिवसभर करणार काय?

आणि अशा माणसाने म्हणायचं, इस्त्री वगैरे!

महिन्याभराने मासिक आलं. दोन पानं, मोठे फोटो. अक्का कापताहेत, चिमा मशीनवर वाकली आहे, दोघींच्या मांडीवर मिळून एक गोधडी पसरली आहे. वर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'दोन बहिणी, एक गोधडी'. चिमाने वर येऊन एक अंक दिला आणि नजर चुकवून घाईघाईने परत गेली.

संध्याकाळी परगावी असलेल्या लेकीचा फोन आला.

"आई, वाचलं गं! फोटो मस्त आलेत. पण तू कुठे आहेस यात?"

"पडद्यामागे."

"म्हणजे?"

"म्हणजे तेच. तू जेवलीस का?"

फोन ठेवून ती स्वयंपाकघरात आली आणि भांडी जरा जास्तच जोरात लावू लागली. नवरा बसच्या कारखान्यातून निवृत्त झालेला होता. इंजिनाचा आवाज बदलला की त्याला लगेच कळायचं, बायकोचा कळायला वेळ लागायचा. आज कळला.

"छापणाऱ्यांचं काय मनावर घेतेस?" तो म्हणाला.

"छापणाऱ्यांचं नाही घेत. सांगणाऱ्यांचं घेते."

"अक्काचा स्वभाव तुला माहीत नाही का?"

"माहीत आहे म्हणून तर राग येतोय. माहीत नसता तर नुसतं नवल वाटलं असतं."

मासिकामुळे गिऱ्हाईक वाढलं. अक्का खुशीत होत्या. एका सकाळी वहिनी खाली गेली तर तिच्या टेबलावर एक जाडजूड नवी इस्त्री बसलेली. पोटात पाण्याची टाकी, बुडाला भोकं. चिमाने बटण दाबलं आणि इस्त्रीने रागावलेल्या बोक्यासारखी फुस्सकन वाफ सोडली.

"वाफेची आहे," अक्का म्हणाल्या. "झटपट होईल तुझं. कामं किती साठलीत बघतेस ना?"

"झटपट होईल, आणि वाकडंही होईल," वहिनी म्हणाली. "उरेब तुकड्याला वाफ लागली की कापड ढिलं पडतं. मग ते हवं तिथे पळतं. चांदण्यांचं सगळं काम उरेब आहे आपलं."

"सगळं जग वापरतंय."

"जग वापरू दे. ज्याचा हात बसलाय तो वापरेल. माझा कोरड्यावर बसलाय."

"अगं, त्यात हात कसला बसायचाय?" अक्का हसल्या. हसल्या म्हणजे खरंच हसल्या, त्यात खोच नव्हती. "कापायला हात लागतो, शिवायला लागतो. इस्त्री ती इस्त्री. कुणीही करेल."

वहिनीने चिमाकडे पाहिलं. चिमा मशीनच्या सुईत दोरा ओवत होती. सुईत आधीच दोरा होता.

वहिनीने आपल्या जुन्या इस्त्रीची वायर गुंडाळली, ती उचलून कडेवर मूल घ्यावं तशी घेतली आणि म्हणाली, "मग कुणीही करा."

इतक्या वर्षांत ती त्या खोलीतून अशी कधी निघाली नव्हती. वर येऊन तिने इस्त्री कपाटात ठेवली आणि कपाटाला कडी लावली. दुसऱ्या दिवशी नवरा शर्ट घेऊन पुढ्यात उभा राहिला. तिने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो तसाच चुरगळलेला शर्ट घालून बाजारात गेला.

तिला वाटलं होतं, दोन दिवसांत त्यांचे डोळे उघडतील. उघडले नाहीत. खालून मशीनचा आवाज येत राहिला. मधूनच ती फुस्स ऐकू यायची आणि प्रत्येक वेळी वहिनी हातातलं काम थांबवून कान द्यायची. तिने कपाटं आवरली, पडदे धुतले, जिन्याचा कठडा पुसला. आवरायचं काही उरलं नाही तेव्हा ती खिडकीत बसली.

खिडकीतून समोरच्या मास्तरीणबाईंनी हाक मारली. "वहिनी, या ना! तुमच्याकडची गोधडी आली काल. बघून तर जा!"

पलंगावर गोधडी पसरली होती. निळ्यावर पांढऱ्या चांदण्या. वहिनी दारातच थबकली. चांदण्यांची टोकं बोथट झाली होती, शेजारच्या पट्टीने गिळून टाकल्यासारखी. मधला भाग फुगला होता. कितीही सारखी करा, आत कुणी निजल्यासारखा तो वर येत होता. कुठेही शिवणीला शिवण भिडत नव्हती.

"किती सुरेख ना?" मास्तरीणबाई म्हणाल्या. "मासिकात होती तश्शीच आहे अगदी!"

वहिनीने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांना खरोखरच सुरेख वाटत होती.

"छान आहे," ती म्हणाली, आणि रस्ता ओलांडून परत आली. आता तिला अक्कांचा राग आला, चिमाचा आला, त्या मासिकवालीचा आला आणि मास्तरीणबाईंचा तर सगळ्यात जास्त आला. इतकी वर्षं कशासाठी जीव आटवला? फुगलेली गोधडीही चालते. बोथट चांदणीही चालते. मग त्या टोकांसाठी तिने उभ्याने कंबर मोडून घेतली ती कुणाला दाखवायला? रात्री नवरा म्हणाला, "जेव गं दोन घास." ती म्हणाली, "तुम्ही जेवा. तुमचं चालतंय ना सगळं!" त्या बिचाऱ्याने काहीही केलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी चिमा वर आली. डोळे सुजलेले, बोटांना सुया टोचल्याच्या खुणा. तिने पदार्थ झाकून आणावा तसं एक फडकं आणलं होतं. ते उघडलं. आत उसवलेले तुकडे होते.

"काल शिवले, काल उसवले. आज शिवले, आज उसवले," ती म्हणाली. "काहीच बसत नाही गं, वहिनी. अक्का म्हणते माझ्या मशीनमध्ये खोट आहे. आज म्हणाली, हात गेला तुझा. सगळ्यांदेखत म्हणाली, गिऱ्हाईक होतं समोर."

"मग?"

"मग काय? तू चल ना खाली."

वहिनीने तुकडे हातात घेतले. वाफेने ते ओघळले होते हे खरं. पण नुसती वाफ नव्हती ती. कडा मुळातच वाकड्या होत्या, आणि पूर्वीपेक्षा जास्त.

"मला सांग," वहिनी म्हणाली, "त्या दिवशी अक्का म्हणाल्या, इस्त्री कुणीही करेल. तेव्हा तू का गप्प बसलीस?"

"अक्कापुढे मी कधी बोललेय?"

"तुला ठाऊक होतं ना?"

चिमाने मान डोलावली. "शिवताना हाताला कळतंच. तुझा तुकडा आला की मशीन आपणहून चालतं."

"आणि हे तू मला सांगतेस! इथे, वर येऊन, दार लोटून! मला काय उपयोग त्याचा? मला माहीतच आहे ते. खाली बोल. अक्कांसमोर बोल."

"तू येशील ना बरोबर?"

वहिनीने कपाटाची कडी काढली.

अक्का कापायच्या टेबलाशी बसल्या होत्या. वहिनीच्या काखेतली इस्त्री पाहून म्हणाल्या, "आलीस? बरं झालं. चल, लाग कामाला."

"आधी चिमाला काही बोलायचंय," वहिनी म्हणाली.

चिमाने हातातलं फडकं छातीशी धरलं. "अक्का, इस्त्री कुणीही करत नाही. वहिनी करते. ती नसली तर मला शिवता येत नाही. हे... हे त्या बाईला सांगायला हवं होतं आपण."

अक्कांनी चष्मा काढला. "अगं, त्या बाईने काय लिहावं ते माझ्या हातात होतं का?"

"ती परकी," वहिनी म्हणाली. "तिच्यावर माझा राग नाही. 'वगैरे' तुम्ही म्हणालात."

"आला शब्द तोंडात."

"इतकी वर्षं तोंडात होता, म्हणून आला."

मग अक्कांचा पारा चढला. एवढ्या वयात त्यांना कधी कुणी उलट बोललं नव्हतं. त्यांनी चिमाच्या हातातलं फडकं ओढून घेतलं. "आणि हे? हेही माझ्या तोंडामुळे झालं? हिला सरळ टीप मारता येत नाही आताशा, आणि तुम्ही दोघी मलाच शिकवायला आलात! मी कापलेलं कधी चुकलंय? सांग, कधी चुकलंय?"

चिमाच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. ती पुसायलाही विसरली.

कापलेल्या तुकड्यांचा ढीग वहिनीच्या हाताशीच होता. त्यांना ना शिवण लागली होती ना वाफ. दोन तुकडे उचलायचे, एकावर एक ठेवायचे आणि अक्कांच्या नाकासमोर धरायचे, एवढंच. दोन तुकडे तिने उचललेही. मनात आलं, घ्या, बघा कुणाचा हात गेलाय ते. पडद्यामागे कोण उभं होतं आणि इतके दिवस तुमची लाज कुणी झाकली ते बघा. शब्द अगदी ओठांवर होते.

अक्का वर पाहत होत्या. चष्मा काढलेले त्यांचे डोळे वहिनीच्या चेहऱ्यावर नीट टेकत नव्हते, थोडे बाजूला, भिंतीवर कुठेतरी टेकले होते.

वहिनीने तुकडे परत ढिगात ठेवले.

"चिमाची टीप सरळ आहे," ती म्हणाली. "तिला काही बोलायचं काम नाही. वाफेने ताणलेत तुकडे. मी सांगितलं होतं तेव्हाच."

"वाफेने?" अक्कांनी विचारलं. आवाज एकदम खाली आला होता.

"वाफेने. ती इस्त्री ठेवा, नव्या ताग्याच्या सुरकुत्या मोडायला बरी आहे. तुकड्यांना लावायची नाही. आणि मी येईन, पण इस्त्री करायला येईन. केर, पाणी, आल्यागेल्याचा चहा, हे तुमचं तुम्ही वाटून घ्या. आजपासून मला 'वगैरे' जमणार नाही."

अक्का माफी मागतील असं तिला क्षणभर वाटलं. त्यांनी मागितली नाही. पुढेही कधी मागितली नाही. त्या फक्त म्हणाल्या, "चिमे, चहा टाक."

चिमा आत गेली. वहिनीने टेबल पुसलं, जुनं कापड नीट अंथरलं, वायर लावली. वळून पाहिलं तर अक्का ढिगातला एक तुकडा घेऊन त्याच्या कडेवरून अंगठा फिरवत होत्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि परत.

"वहिनी," त्या हळूच म्हणाल्या, "याला अजून वाफ लागली नाही ना?"

वहिनीने टेबलावरचं कापड पुन्हा एकदा सारखं केलं.

"कधीपासून?"

"झाले की बरेच दिवस."

"चिमाला सांगू नकोस."

"इतके दिवस कुठे सांगितलं?" वहिनी म्हणाली. आवाजातली धार तिला लपवता आली नाही, आणि तिने लपवायचा प्रयत्नही केला नाही.

अक्कांनी मान डोलावली. आतून कपबश्यांचा आवाज येत होता, चिमाला साखर सापडत नव्हती. अक्कांनी टेबलावर निळं कापड पसरलं, तळहाताने सारखं केलं, त्यावर पट्टी ठेवली. जरा थांबल्या. मग पट्टी वहिनीकडे सरकवली.

"धर जरा. सुटते माझ्या हातून."

वहिनी इस्त्री सोडून आली. पट्टी धाग्याला धागा लावून जुळवली, दोन्ही हातांची बोटं फाकून ती घट्ट दाबून धरली. अक्कांनी सुरी उचलली, पातं चाचपत पट्टीच्या कडेला टेकवलं आणि पुढे लोटलं. पातं वहिनीच्या नखांना अगदी लागून येत होतं. तिने बोटं हलवली नाहीत.